गोगलगाईची नोंद, जशीच्या तशी

मी तिसरी 'ब'च्या वर्गाचा ब्लॉग बोलतोय. ब्लॉग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कुणाची तरी प्रवासवर्णनं येतील, नाहीतर गुडघेदुखीवर सतरा उपाय सांगणारे कुणी काका. मी त्यांच्यातला नव्हे. माझे लेखक आठ वर्षांचे आहेत आणि त्यांच्यातल्या निम्म्यांचे पुढचे दात पडलेले आहेत.

माझा जन्म शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत झाला. तिथे बूट दाराबाहेर काढावे लागतात, त्यामुळे खोलीला कायम मोज्यांचा वास. एका कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या, दोन खुर्च्यांवर तीन मुलं, आणि माऊस कुणाच्या हातात यावरून हातघाई. अशा गोंगाटात तिसरीच्या बाईंनी मला उघडलं.

बाईंना निबंधाच्या वह्या तपासून वीट आला होता. 'माझी शाळा' लिहायला सांगितलं की सगळ्यांची शाळा एकसारखी सुंदर आणि सगळ्यांच्या बाई एकसारख्या प्रेमळ. "मी काही इतकी प्रेमळ नाहीये," बाई शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या होत्या, "मग ही मुलं कुणाबद्दल लिहितात?" त्यांच्या लक्षात आलं की मुलं फक्त बाईंसाठी लिहितात, म्हणून बाईंना आवडेल तेच लिहितात. वाचणारा दुसरा कुणी असला, आणि तो उलट काही विचारणारा असला, तर काय होईल ते बघावं, एवढ्यासाठी मी.

माझं नाव 'ऐका ना'. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मुलांच्या भाषेत मोठ्या बाईंनी, 'ज्ञानदीप' सुचवलं होतं. वर्गात मतदान झालं. ज्ञानदीपला एकच मत पडलं, तेही मोठ्या बाई दारात उभ्या आहेत हे ज्याला दिसलं होतं त्याचं.

मग बाईंनी माझे नियम केले. खरं नाव लिहायचं नाही, कारण मला पालक वाचणार, शेजारचे वर्ग वाचणार, आणखीही कुणी वाचेल. प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं. कुणी रॉकेट झालं, कुणी ढगोबा, कुणी राणी नंबर एक. एक मुलगा स्वतःहून पेन्सिलचोर झाला. बाई म्हणाल्या, "अरे, असं कसं नाव घेतोस?" तर म्हणाला, "बाई, सगळे तेच म्हणतात, मग मीच घेतो."

लिहिलेली नोंद आधी माझ्याकडे थांबून राहायची. बाई ती वाचणार, पत्ता, फोन नंबर किंवा शिवी असेल तर काढणार, बाकी काहीही न बदलता लावणार. आणि खाली कुणी 'छान', 'मस्त' लिहायचं नाही. एक प्रश्न विचारायचा. "छान म्हटलं की बोलणं संपतं," बाई म्हणायच्या. "आणि मला तुम्हाला गप्प बसवायचं असेल तर मी ओरडेन की. ब्लॉग कशाला लागतोय?"

सगळ्या वर्गाला त्यांनी एकच पासवर्ड दिला. तास संपला आणि नोंद अर्धी राहिली तर घरी पुरी करता यावी म्हणून. इथेच माशी शिंकली. घरी कॉम्प्युटर एकच असतो आणि तो बहुतेक वेळा आईसमोर असतो, हे बाईंच्या ध्यानात आलं नाही.

वर्ष अर्धं सरल्यावर वर्गात एक नवीन मुलगी आली. तिच्या बाबांची बदली झाली होती. घरातलं सामान अजून खोक्यांत होतं, आणि मुलगीही तशी खोक्यातच होती म्हणा ना. विचारलं तर उत्तर द्यायची, न विचारलं तर नाही. बाईंनी टोपणनाव विचारलं. तिने बराच विचार केला आणि 'गोगलगाय' असं लिहिलं.

आता तिच्या आईबद्दल सांगायला हवं. हे आत्मवृत्त माझं असलं तरी त्यातला जीव टांगणीला लागलेला आहे तो तिचा.

मी ज्या पडद्यावर उघडा असतो त्याच्यासमोरचं मला कळतं. कसं ते विचारू नका. आत्मवृत्तात एवढी सवलत असते. तर ही आई शिकलेली, तरुण, आणि रोज घरी बसून घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहिणारी. इस्त्री, मिक्सर, गिझर. 'उपकरण ओल्या हाताने हाताळू नये', 'वायर पायात येईल अशी सोडू नये', असली वाक्यं लिहून लिहून तिची नजरच तशी झाली होती. खोलीत शिरली की आधी तिला दिसायचं कशाने अपघात होईल. नवरा तिला 'सावधानताबाई' म्हणायचा.

"सावधानताबाई, चहा गरम आहे का?"

"फुंकर मारून प्यायचा असतो. पुस्तिकेत लिहिलंय."

स्वतःवरचे विनोद तिला कळायचे आणि ती त्यात भरही घालायची. तिला खात्री होती की आईपणाची कुठेतरी एक नीट छापलेली पुस्तिका असणार, बाकी सगळ्या बायांना दवाखान्यातून निघताना मिळालेली, आणि आपलीच घ्यायची राहिली.

एका गुरुवारी, ब्लॉगच्या तासाला, गोगलगाईने शाळेत पहिली नोंद लिहायला घेतली. तास संपला, म्हणून ती घरी जेवणाच्या टेबलावर बसून पुरी केली. एका बोटाने टाइप करायची, आणि दुसऱ्या हाताने ते बोट धरून ठेवायची, जणू ते पळून जाईल. तिने लिहिलं होतं:

'मी नवीन आहे. डबा खाताना कुठे बसायचं ते मला माहीत नाही. सगळ्यांच्या जागा आधीच ठरलेल्या आहेत. म्हणून मी पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून खाते. उभं राहून खाल्लं की घास सरळ खाली जातो. टाकीत कान लावला की आत कुणीतरी पोहतंय असं वाटतं.'

लिहून झालं, तिने 'पाठवा' दाबलं आणि आंघोळीला गेली. नोंद माझ्याकडे येऊन थांबली. सकाळी बाई वाचणार होत्या.

आई टेबल आवरायला आली. मी उघडाच होतो. तिने वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि परत वाचलं.

तिच्या पोटात गोळा आला. आपलं मूल उभं राहून जेवतंय आणि आपल्याला ठाऊक नाही. रोज डबा रिकामा येतोय म्हणून आपण खूश. त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, आणि तो तिला स्वतःलाच आवडला नाही: हे आता सगळे वाचणार. सगळ्यांच्या आया वाचणार. फाटकाशी उभ्या राहून त्या आपल्याकडे कसं बघतील. आणि मुलं पोरीला चिडवतील, टाकीवाली म्हणतील. ही तर पायात सोडलेली वायरच.

पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेलाच होता. तिने नोंद उघडली. आधी फक्त टाकी काढली. मग उभं राहणं काढलं. मग जे उरलं ते फार उघडंबोडकं दिसायला लागलं, म्हणून त्यावर थोडं घातलं. बाथरूममधून बादलीचा आवाज येत होता तोवर नोंद अशी झाली:

'मी या शाळेत नवीन आहे. शाळेची इमारत प्रशस्त व हवेशीर आहे. पिण्याच्या पाण्याची उत्तम सोय आहे. मला येथे अनेक मित्रमैत्रिणी मिळाल्या. आम्ही सर्व मिळून डबा खातो.'

इस्त्रीच्या पुस्तिकेइतकी गुळगुळीत. कुठे सुरकुती म्हणून नाही. आईचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला, पण मला विचारतो कोण?

सकाळी बाईंनी वाचलं. त्या क्षणभर थांबल्या, हे मला आठवतं. पण नवीन मुलीला मैत्रिणी मिळाल्या, यात शंका घ्यायची तर मनच कोतं हवं. त्यांनी नोंद लावली. आणि वर्गात सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवरच्या पडद्यावर मोठी करून वाचली.

गोगलगाय वाचत होती. तिच्या ओठांची हालचाल दुसऱ्या ओळीशी थांबली.

प्रश्न विचारायची वेळ झाली. बराच वेळ कुणी काही विचारेना. हवेशीर इमारतीबद्दल कुणी काय विचारणार? शेवटी पेन्सिलचोराने हात वर केला आणि नियमाप्रमाणे प्रश्न टाइपही केला. तो आजही माझ्याकडे आहे: 'अनेक म्हणजे कोण कोण?'

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. वर्गाने इकडेतिकडे पाहिलं. मागून रॉकेट म्हणाली, "ती तर रोज टाकीजवळ एकटी असते."

"मग खोटं का लिहिलंय?"

"थापाडी."

बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं, वर्ग गप्प केला. पण सुटलेला शब्द काही परत डब्यात बसत नाही. गोगलगाय उठून उभी राहिली, तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी. "कोण कोण?" याचं उत्तर द्यायचं असतं हा नियम तिला माहीत होता. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली बसली. 'हे मी लिहिलेलं नाही' एवढी चार शब्दांची गोष्ट. ती तिने सांगितली नाही.

दुपारी आईने मोठ्या आशेने मला उघडलं. तिला वाटलं, खाली कुणीतरी म्हटलं असेल, कित्ती छान लिहितेस. खाली होता तो प्रश्न. त्याच्याखाली रॉकेटचा दुसरा: 'तू थाप का मारलीस?' आणि उत्तराची चौकट कोरी.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. आईने मला मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. असं केल्याने मजकूर बदलत नाही हे तिला कळत होतं.

मुलगी घरी आली. दप्तर जागेवर ठेवलं. हातपाय धुतले. मग माझ्यासमोरच, म्हणजे टेबलाशी येऊन म्हणाली, "आई, तू माझ्या नोंदीला हात लावलास?"

"थोडंसं नीट केलं गं."

"ते नीट होतं."

आई हळूच म्हणाली, "बाईंना सांगितलंस का, मी केलं ते?"

"नाही."

"का गं?"

"मग त्यांनी तुला थापाडी म्हटलं असतं."

एवढं बोलून मुलगी आत गेली. आई तिथेच बसून राहिली. तिच्या एका पुस्तिकेत एक वाक्य आहे, 'बिघाड झाल्यास उपकरण स्वतः उघडू नये.' ते तिनेच लिहिलेलं.

पुढचे गुरुवार वाईट गेले. गोगलगाय माझ्यासमोर यायची आणि हात मांडीवर ठेवून बसायची. बाई म्हणायच्या, "काही सुचत नाही का?" तर म्हणायची, "सुचतंय." आणि बसून राहायची. टाकीजवळ आता सगळ्यांचं लक्ष जायचं, म्हणून तिने ती जागाही सोडली होती.

आईने काय काय करून पाहिलं. माझ्या प्रश्नांच्या चौकटीत तिने एक लांबलचक खुलासा टाइप केला, 'सर्व पालकांच्या माहितीसाठी' इथपासून, आणि तो पुसला. मग नोंद उघडून 'अनेक'च्या जागी 'काही' करावं असा विचार केला. बोट बटणावर गेलंसुद्धा. मग स्वतःशीच म्हणाली, "अगं बाई, पुन्हा?" आणि हात मागे घेतला.

नवऱ्याने पाठीमागून हे पाहिलं. "शाळेत जा आणि सांगून टाक," तो म्हणाला.

"काय सांगू? की मी आठ वर्षांच्या मुलीची नोंद बिघडवली?"

"हेच."

"बाईंना काय वाटेल माझ्याबद्दल?"

"तिला वर्गात काय वाटतं, ते आधी बघ ना."

तो हे साधंच बोलला, पण तिला लागलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ती कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी उभी होती. चपला काढायच्या की नाही यात थोडा वेळ गेला. मग चपला काढून आत आली. गोगलगाय दप्तर घेऊन मागे उभी.

"बाई, दोन मिनिटं," आई म्हणाली. "ती नोंद माझ्या मुलीने लिहिलेली नाही. मी लिहिली. तिने खरं लिहिलं होतं, मी ते काढलं. थापाडी म्हणायचंच तर मला म्हणायला हवं."

बाईंनी हातातलं काम ठेवलं. आईने वाट पाहिली, आता ऐकून घ्यायचं. बाई म्हणाल्या, "बसा. दार मीच सताड उघडं ठेवलं होतं. सगळ्या घरांना एकच किल्ली." मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, मला वाचताना खटकलं होतं. आठ वर्षांच्या मुलीला इमारत प्रशस्त वाटत नाही. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तुम्ही एकट्याच नाही यात."

माझ्याकडे काही पुसलं जात नाही. जुनी नोंद माझ्यात तशीच होती. बाईंनी ती काढून दाखवली आणि मुलीला म्हणाल्या, "ही तुझी. लावू परत?"

गोगलगाईने वाचली. आईला वाटलं, सुटलो. मुलगी म्हणाली, "नको."

"का गं?"

"ती जुनी झाली. मी आता टाकीजवळ उभी नसते. जिन्याखाली बसते." मग म्हणाली, "मी नवी लिहिते. पण आई नको."

"मी हात लावणार नाही," आई म्हणाली. "शपथ घेऊ?"

"बघशील तरी."

"बघायचंही नाही?"

मुलीने बाईंकडे पाहिलं, मग आईच्या हातांकडे. "बघ," ती म्हणाली. "पण हात मांडीखाली."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी उघडा होतो. मुलगी एका बोटाने टाइप करत होती. शेजारी आई, दोन्ही हात मांडीखाली. बाबा पाणी प्यायला आले, हे दृश्य पाहिलं, आणि काहीही न बोलता पेला घेऊन परत गेले. शहाणा माणूस.

नोंद अशी झाली:

'माझी आधीची नोंद आईने लिहिली होती. मी थापाडी नाही. मला एकही मैत्रीण नाही. अनेक म्हणजे शून्य. आई इस्त्रीची पुस्तकं लिहिते. त्यात सगळ्याला घाबरायला सांगतात. म्हणून ती माझ्या नोंदीला पण घाबरली. मी आता जिन्याखाली बसून डबा खाते. तिथे वरून पाय जातात. बुटांवरून कोण आहे ते मी ओळखते. मोठ्या बाईंचे बूट वाजत नाहीत.'

"झालं," मुलगी म्हणाली आणि 'पाठवा' दाबलं. "हात काढ आता."

आईने हात काढले. ते बधिर झाले होते.

मुलगी आंघोळीला गेली. नोंद माझ्याकडे येऊन थांबली, बाईंच्या वाटेवर. बादलीचा आवाज सुरू झाला. टेबलावर मी, पडद्याच्या कडेला पासवर्ड, आणि आई.

तुम्हाला वाटेल, एकदा पोळलेलं माणूस पुन्हा कशाला हात घालेल. तसं नसतं हो. आधीच्या नोंदीत फक्त मुलगी एकटी होती. या नोंदीत आईही होती, घाबरट आणि लबाड, सगळ्या आयांना वाचायला. आणि 'एकही मैत्रीण नाही' हे तर आता भिंतीएवढ्या पडद्यावर लागणार. तिने नोंद उघडली. बाण हळूहळू खाली सरकला आणि 'शून्य' या शब्दाशी येऊन थांबला. तिचे हात शिवशिवत होते. एवढं एकच काढलं तर? फक्त शून्य? मुलीच्याच भल्यासाठी?

माझा मजकूर माझ्या ताब्यात नसतो. कुणी बटण दाबलं की मला बदलावं लागतं. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला एखादं बोट असतं तर बरं झालं असतं.

आईने डोळे मिटले. मग तिने दोन्ही हात उचलून परत मांडीखाली सारले. समोर कुणी सांगणारं नसताना. आणि तशीच बसून राहिली, मुलगी केस पुसत बाहेर येईपर्यंत.

"अजून तशीच बसलीस?" मुलगी म्हणाली.

"हो."

"का?"

"सवय करतेय."

सकाळी शिक्षकांच्या खोलीत नोंद मोठ्या बाईंच्याही नजरेला पडली. त्या बाईंच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या, आणि खरंच, त्यांच्या बुटांचा आवाज झाला नव्हता.

"हे लावणार तुम्ही?" मोठ्या बाईंनी विचारलं. "मूल जिन्याखाली बसून जेवतं, हे? बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील शाळेला?"

"बाहेर कळू दे, मोठ्या बाई. आधी आपल्याला तरी कुठे कळलं होतं?"

"उगाच बोभाटा कशाला? जिन्याखाली बसू नये अशी सूचना काढते मी."

"मग ती तिसरीकडे कुठेतरी जाईल. आणि ते आपल्याला लिहून कळवणार नाही."

मोठ्या बाईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचली असावी, कारण त्यांनी खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "पालकांची तक्रार आली तर तुमच्याकडे पाठवीन," त्या म्हणाल्या.

"पाठवा."

बाईंनी नोंद लावली. जशीच्या तशी.

वर्गात ती वाचून झाल्यावर शांतता पसरली, पण मागच्या वेळची नव्हे. त्या वेळी विचारायला काही नव्हतं. आता प्रत्येकाकडे काहीतरी होतं आणि पहिला कोण यावर अडलं होतं. गोगलगाय उभी होती, टेबलाची कड घट्ट धरून. बाई म्हणाल्या, "बसून उत्तर दिलं तरी चालेल." ती म्हणाली, "उभीच राहते."

रॉकेटने विचारलं, "मग तुझी आई थापाडी आहे का?"

"नाही. घाबरट आहे. पण तिने बाईंना खरं सांगितलं."

"तू आधीच का नाही सांगितलंस?"

"माझी आई आहे ना."

रॉकेटने यावर थोडा विचार केला. तिलाही एक आई होती.

ढगोबाने विचारलं, माझे बूट कसे वाजतात? गोगलगाय म्हणाली, "तू एक पायरी सोडून उडी मारतोस. मला वाटतं, आता जिना पडणार." वर्ग हसला, ढगोबा सगळ्यांत मोठ्याने. मग एकच झुंबड उडाली. माझे ओळख, माझे ओळख. बाईंना डस्टर पुन्हा हातात घ्यावं लागलं.

सगळ्यांत शेवटी पेन्सिलचोराने विचारलं. तो वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा, आणि त्याचा प्रश्न नेहमीसारखाच सरळ होता: 'जिन्याखाली डोकं आपटतं का?'

गोगलगाईने उत्तर टाइप केलं: 'पहिल्या दिवशी आपटतं. मग कळतं.'

त्या दिवशी मधल्या सुट्टीत पेन्सिलचोराचं डोकं आपटलं.

आई दिवसभर मला उघडून बसली होती. एकेक प्रश्न येताना बघत होती आणि एकेक उत्तर. पुस्तिकेचं काम तसंच पडलं होतं. शेवटचं उत्तर वाचल्यावर तिने चेहरा दोन्ही हातांत घेतला. नंतर कळलं की फाटकाशी खरंच दोघीतिघी आया तिच्याकडे बघून कुजबुजल्या. एकीने तर म्हटलंही, "तुमच्या इस्त्रीबद्दल वाचलं हो." तिने मान ताठ ठेवून उत्तर दिलं, "खरं आहे ते." मग घरापर्यंत जवळजवळ पळतच आली म्हणे. पण उत्तर दिलं.

सगळं गोडच झालं असं सांगून मी तुम्हाला हवेशीर इमारत दाखवणार नाही. रॉकेट भांडताना अजून कधी कधी जुना शब्द काढते. राणी नंबर एकचे बाबा शेवटपर्यंत शेजारी बसून तिच्या नोंदी सजवून देत राहिले, आणि तिच्या नोंदींखाली शेवटपर्यंत कुणी काही विचारलं नाही. गोगलगाय फार बोलकी झालेली नाही. पण डबा खाताना ती बसते, आणि तिच्या बाजूला कुणीतरी बसतं. आईसाठी सगळं यावरच अडलं होतं.

बाईंनी माझं कुलूप बदललं. आता प्रत्येक मुलाचा पासवर्ड वेगळा, तो त्याने घरी सांगायचा नाही, आणि पालकांसाठी निराळं दार. त्या दारातून वाचता येतं आणि प्रश्न विचारता येतो. खोडता येत नाही. गोगलगाईच्या आईने त्या दारातून विचारलेले प्रश्न माझ्यात आहेत. पहिला अगदीच तिच्या वळणाचा होता, 'जिन्याखाली पंखा आहे का?' पुढच्या नोंदींखालचे बरे आहेत. 'पेन्सिलचोराला हसू कशाचं आलं?' 'तुला मी न विचारलेलं असं काय विचारू?'

आता वर्ष संपलं. माझी मुलं चौथीत गेली. माझ्यात नवं काही लिहिलं जात नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत पडद्यांवर कापडं घातली आहेत, आणि मी मिटलेला आहे. कुणी उघडलं तर वाचता येतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. उन्हात वाळत घातलेल्या कपड्यासारखं आहे ते, अंगावर नसलं तरी ज्याचं त्याचं माप त्यात राहतं.

जाता जाता तुमच्यापाशी एक मागणं आहे. तुमच्या घरातही एखादं मूल जेवणाच्या टेबलावर एका बोटाने काहीतरी लिहीत असेल. ते वाचून पोटात गोळा आला तर येऊ द्या. तो तुमचा आहे, तो तुम्ही सांभाळा. लिहिलेलं त्याचं आहे. शाळेतल्या कुणाला तरी ते जसंच्या तसं वाचायचं असतं, आणि त्या कुणाला तरी तुमचं मूल अजून ओळखत नाही. त्या दोघांच्या मधे उभं राहू नका. बाजूला खुर्ची ओढून बसा. हात कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा.